थर्मोस्टॅट, आप्पा आणि मी

(आपल्या फोरमच्या ओहायोमधल्या हिवाळी बैठकीत ‘श्रमप्रतिष्ठा’ या सत्रात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना भरलं आहे.)



मी थर्मोस्टॅटवर बोलणार असं संयोजकांना कळवलं तेव्हा त्यांना वाटलं की मी हवामानबदलावर बोलणार आहे. मग खुलासा करावा लागला की विषय खरोखरच थर्मोस्टॅट आहे, तोही डिझेल पिकअप ट्रकचा, आणि तो मी स्वतः, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, जानेवारीत बदलला. फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, “बघा, वीस मिनिटं आहेत.” तेव्हा पहिली काही मिनिटं ट्रकची आणि उरलेली आपली.

आधी माझी थोडी ओळख. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे लोहार. बलुतेदार. वर्षभर शेतकऱ्यांचे फाळ शेवटायचे, खुरपी-विळ्यांना धार लावायची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन मिळेल ते धान्य घ्यायचं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गावाबाहेर पडले आणि एसटीच्या कराड आगारात मेकॅनिक म्हणून लागले. तिथेच निवृत्त झाले. मी पुण्याच्या कमिन्स कॉलेजात नव्वदच्या दशकात इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि आता डेटनजवळ राहते.

इथल्या आपल्या मंडळींत कुणी विचारलं, “वडील काय करायचे?” तर मी म्हणायचे, “एसटीत होते.” समोरच्याला वाटायचं, अधिकारी असतील. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. श्रमप्रतिष्ठेवर बोलायला उभी राहिले आहे, तर एवढं आधी सांगून टाकलेलं बरं.

ट्रक आणि फॉर्म

आमचा धाकटा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गवत कापून आणि बर्फ काढून साठवलेल्या पैशात त्याने शेजारच्या सत्तरीच्या शेतकऱ्याकडून २००१ सालचा एक पिकअप घेतला. इंजिन कमिन्सचं, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो. आम्ही दोघं नवराबायको हायब्रिड गाडीवाले. ट्रक दारात उभा राहिला तेव्हा आम्हाला त्याची लाजच वाटली होती.

हिवाळा सुरू झाला आणि मुलाच्या लक्षात आलं की पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहतो. हीटरमधून कोमट वारा. डिझेल जास्त जातंय. सकाळी पांढरा धूर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतोय. त्याने दोन दिवस नोंदी ठेवल्या आणि जाहीर केलं, “आई, थर्मोस्टॅट उघडा राहिलाय.” गॅरेजमध्ये विचारलं तर साडेचारशे डॉलर सांगितले. नवा भाग पस्तीस डॉलरच्या आसपास. बाकीची मजुरी. मजुरी जास्त होती असं मी म्हणणार नाही. का ते पुढे येईल.

त्याच आठवड्यात त्याने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलांना जिल्ह्याच्या करिअर टेक्निकल सेंटरमध्ये जाता येतं. तिथला ‘डिझेल टेक्नॉलॉजी’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याला हवा होता. पालकांची सही हवी होती.

मित्रहो, मी या फोरमची बरीच वर्षं सभासद आहे. सफाई कामगारांच्या प्रश्नावर आपण निधी गोळा केला तेव्हा मी पुढे होते. पण त्या फॉर्मकडे बघून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “यासाठी आम्ही अमेरिकेत आलो का?”

मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “निदान थर्मोस्टॅट बदलायला तरी मदत करशील? तू इंजिनिअर आहेस ना?”

मेणाची डबी

मी इंजिनिअर आहे, आणि तेही कंट्रोल शिकलेली. सेन्सर, कंट्रोलर, अ‍ॅक्चुएटर, फीडबॅक, हे सगळं फळ्यावर चौकोन काढून मी परीक्षेत लिहिलं आहे. पण गाडीतला थर्मोस्टॅट मी त्या दिवसापर्यंत हातात घेतला नव्हता. नवा घरी आला तेव्हा मी तो बराच वेळ बघत बसले.

त्यात एकही वायर नाही. मध्ये पितळेची छोटी डबी, तिच्यात मेण आणि मेणात रबरी नळीत बसवलेली पोलादी काडी. इंजिनाभोवतीचं पाणी तापलं की मेण वितळतं आणि वितळताना फुगतं. फुगलेल्या मेणाला दुसरीकडे जायला जागा नसते, म्हणून ते काडीला ढकलतं. झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप परत मिटवते. आमच्या थर्मोस्टॅटवर आकडा होता १९० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८८ सेल्सियस. तिथे तो उघडायला लागतो आणि आणखी आठ-दहा अंश चढले की पूर्ण उघडतो. म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि अ‍ॅक्चुएटर असे माझे तीनही चौकोन एका डबीत. दिवसात शेकडो वेळा थोडं उघडायचं, थोडं मिटायचं. वीस वर्षांनी तो थकला तर त्यात कुणाचाच दोष नाही.

ही मेणाची कल्पना १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकाने प्रत्यक्षात आणली. त्याआधी चटकन उडून जाणारा द्रव भरलेली, भात्यासारखी घड्यांची डबी वापरत. पण कूलिंग सिस्टिममध्ये दाब वाढवायला सुरुवात झाली तशी ती भात्याची डबी फसू लागली, कारण तिला तापमान आणि दाब दोन्ही जाणवायचे. मेणाला दाबाचं फारसं सोयरसुतक नसतं. व्हर्नेने १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली ती ओहायोतल्या यलो स्प्रिंग्जमध्ये, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. यलो स्प्रिंग्जकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता इंजिन थंड राहिलं तर बिघडतं काय? आपल्याला वाटतं, बरंच की! पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या तर काही इंधन न जळता भिंतींवर बसतं, तिथलं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, झीज वाढते. आणि डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवून तापत नाही, कारण आयडलिंगला ते इंधन फार कमी जाळतं आणि हवा मात्र भरपूर आत घेतं. ओहायोच्या थंडीत थर्मोस्टॅट उघडा राहिला की इंजिन कधी ऊबच धरत नाही.

“काढून टाक की ते!”

काम सुरू करण्याआधी मी कराडला फोन लावला. आप्पा आता ऐंशीचे आहेत. म्हटलं, आप्पा, ट्रकचा थर्मोस्टॅट गेलाय, बदलायचाय.

आप्पा म्हणाले, “बदलतीस कशाला? काढून टाक की ते! मोकळं सोड. आम्ही किती गाड्यांची काढली.”

मी म्हटलं, आप्पा, असं नाही चालत. इंजिन थंड पडतं. आणि या इंजिनात तर बायपासची भानगड आहे. थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हा पाणी बायपासने इंजिनातल्या इंजिनात फिरतं. तो उघडत जातो तसा त्याचाच दुसरा भाग बायपासचं तोंड मिटत नेतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर ते तोंड कायम उघडं. मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि ओझं घेऊन चढ चढताना उलट इंजिन तापू शकतं.

मी बोलत होते आणि माझा आवाज मला ऐकू येत होता. तो मुलीचा आवाज नव्हता, वरिष्ठ साहेबांचा होता. आप्पांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “पोरी, बरोबर बोलतीस तू. पण कुंभार्ली घाटात चिपळूणची गाडी रात्री बंद पडली, आत साठ माणसं, आणि ते थर्मोस्टॅट मिटून बसलंय. नवं डेपोत नाही. सांग, काय करशील?”

मला उत्तर नव्हतं. कारण थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन हळूहळू झिजतं, पण मिटलेला अडकला तर थोड्या वेळात हेड वाकतं. सुटे भाग मिळत नाहीत, हवा गरम, घाट उभा. तिथे दूरच्या झिजेपेक्षा समोरचा धोका मोठा. आप्पा ज्याला ‘काढून टाक’ म्हणत होते तो अडाणीपणा नव्हता. टंचाईत राहून केलेला तो हिशोब होता. त्या हिशोबाची उत्तरं ओहायोच्या जानेवारीत चुकतात, एवढंच. मी आयुष्यभर त्या हिशोबाला ‘देशी जुगाड’ म्हणत आले होते.

मी म्हटलं, “इथे नवा मिळतो, आप्पा.” ते म्हणाले, “मग नवाच घाल. आणि आधी बॅटरीची वायर काढ.”

प्रत्यक्ष काम

आता काम थोडक्यात, कारण इथे बसलेल्यांपैकी निदान एकाने तरी ते करून बघावं असं मला वाटतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं, झाकण फिरवताच ते उसळून अंगावर येतं. या ट्रकला बॅटऱ्या दोन आहेत, दोन्हींच्या निगेटिव्ह वायरी काढल्या. कारण थर्मोस्टॅट हेडच्या पुढच्या टोकाला, आल्टर्नेटरच्या मागे-खाली दडलेला आहे आणि आल्टर्नेटरची जाड वायर सतत जिवंत असते. रेडिएटरच्या खालच्या नळाखाली घमेलं ठेवून कूलंटची पातळी थर्मोस्टॅटच्या खाली येईल इतपत काढून घेतलं. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं; कुत्र्यामांजरांनी चाटलं तर जीव जातो. गटारात ओतायचं नाही, साठवून रिसायकलिंगला द्यायचं.

मग पट्टा काढायचा. तो कुठल्या पुलीवरून कसा जातो याचा मुलाने आधी कागदावर नकाशा काढला. मी म्हटलं, फोटो काढ ना. तो म्हणाला, “काढून बघितल्यावर लक्षात राहतं.” लांब दांडीने टेन्शनर मागे ओढून पट्टा सोडवला, आल्टर्नेटर मोकळा करून बाजूला केला, वरचा होस पाइप काढला आणि थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट दिसले.

त्यातला एक हलेना. मी जोर लावला. मुलगा ओरडला, “थांब! तुटेल.” त्याने बोल्टवर गंज सुटायचं तेल मारलं आणि म्हणाला, आता चहा पिऊन येऊ. अर्ध्या तासाने पाना लावून आधी किंचित आवळलं, मग सोडलं, पुन्हा आवळलं, पुन्हा सोडलं. बोल्ट निघाला. हे कुठे शिकलास, विचारलं. म्हणाला, “शेजारच्या आजोबांकडे. जोर लावायच्या आधी बोल्ट काय सांगतो ते हाताला कळतं.”

मित्रहो, हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मी अकरा-बारा वर्षांची असताना डब्याच्या निमित्ताने आगारात जायचे. आप्पा एका नव्या पोराला हेच सांगत होते: पान्यात जीव असतो, तो काय म्हणतो ते ऐक. मीही कौतुकाने तिथला एक पाना उचलला होता. आप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मला नळावर नेलं, रॉकेलने आणि मग साबणाने माझे हात स्वतः धुतले, नखांतलं काळं निघेपर्यंत. म्हणाले, “हे पुन्हा नाही. तुझ्या हाताला काळं लागू द्यायचं नाही मला.” ते रागावले नव्हते. पण मला पुढे कधी पाना उचलावासा वाटला नाही.

जुना थर्मोस्टॅट बाहेर आला. बसण्याच्या जागेवरची जुन्या पॅकिंगची पापुद्री हळूच खरवडून काढली, नवा त्याच तोंडाने बसवला, नवी सील घातली, बोल्ट आधी हाताने आणि मग टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्याइतके. कूलंट सावकाश भरायचं, घाई केली तर आत हवा अडकते. मग इंजिन सुरू करून हीटर पूर्ण चालू. वीस मिनिटांत काटा वर आला आणि जागच्या जागी स्थिर राहिला. आत गरम हवा. मुलाने डॅशबोर्डवर थाप मारली. गॅरेजवाल्याला जे काम तासा-दीड तासाचं, त्याला आम्हा दोघांना पाच तास लागले. त्या रात्री माझी पाठ वाकत नव्हती. साडेचारशे डॉलर जास्त वाटले नाहीत ते यामुळे.

पातेल्यातली परीक्षा

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, जुना खरंच गेला होता का, हे तपासल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. त्याने एक जुनं पातेलं घेतलं, पाणी भरलं, दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगले – तळाला टेकू द्यायचे नाहीत, तळ पाण्यापेक्षा गरम असतो – आणि स्वयंपाकातला थर्मामीटर धरला. नवा त्याच नमुन्याचा, पण दुसरा आणलेला. आधीचा गाडीत होता.

जुना तर गार पाण्यातच उघडा होता. काडेपेटीची काडी आत जाईल एवढी फट. पाणी तापत गेलं. ८०, ८४, ८६. नवा स्तब्ध. ८८ च्या आसपास त्याच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली आणि मग तो हळूहळू, कमळासारखा म्हणणार नाही, पण डोळ्यांना कळेल असा उघडत गेला. गॅस बंद केल्यावर मिटत आला. जुना जिथल्या तिथे.

ज्या ‘प्रपोर्शनल कंट्रोल’वर मी पदवी घेतली तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्या स्वयंपाकघरात, सांडशी हातात धरून.

हात आणि डोकं वेगळं कुणी केलं?

आता यलो स्प्रिंग्जकडे येऊ. तिथे अँटिऑक कॉलेज आहे. आर्थर मॉर्गन हे धरणं बांधणारे इंजिनिअर १९२० मध्ये त्याचे अध्यक्ष झाले आणि १९२१ पासून त्यांनी तिथे अशी पद्धत आणली की विद्यार्थ्याने काही काळ वर्गात बसायचं आणि काही काळ बाहेर जाऊन पगारी काम करायचं, आलटून पालटून. पुढे हेच मॉर्गन भारतात आले. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाचे, म्हणजे विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते, आणि त्या अहवालातली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मुख्यतः त्यांची. अभ्यास आणि हातचं काम एकत्र, ही त्यातली मुख्य गोष्ट. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झालीच होती. म्हणजे कल्पनांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

मग आपल्या शिक्षणात हात का आला नाही? याचं उत्तर श्रमाचे गोडवे गाऊन मिळत नाही. ते बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात दिलेलं आहे. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत सांगायचा तर असा: कामाची वाटणी जगात सगळीकडे होते, पण आपण कामाबरोबर माणसंच वाटून टाकली, तीही जन्मावरून, आणि वर त्यांची उतरंड लावली. जे काम माणसाने निवडलेलंच नाही आणि जे केल्याने तो हलका ठरतो, त्या कामात त्याचं मन आणि बुद्धी रमेल कशी? आणि काळ बदलला तरी त्याला दुसरं काम धरायची मुभा नाही.

हे माझ्या घराला लावून बघते. मी ज्या कॉलेजात शिकले त्याला ज्या कंपनीचं नाव आहे, तिचा संस्थापक क्लेसी कमिन्स आठवीपर्यंत शिकलेला होता. इंडियानातल्या कोलंबस गावच्या एका बँकरचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्या बँकरने पैसे घातले आणि १९१९ मध्ये कंपनी निघाली. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स आली. त्यातल्या किर्लोस्करांची सुरुवात १८८८ ची, बेळगावातल्या लक्ष्मणरावांच्या सायकल दुकानापासून. मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांबद्दल मला आदरच आहे. पण माझे आजोबा, पणजोबाही त्याच मुलखात लोखंडच ठोकत होते. एकाने हातात लोखंड घेतलं ते स्वतः निवडून, आणि त्याचा कारखाना झाला. दुसऱ्याच्या हातात ते जन्माने दिलं होतं, आणि त्याचं बलुतंच राहिलं. फरक फक्त हुशारीचा होता असं मला कुणी सांगू नये.

म्हणून आप्पांनी माझे हात धुतले, ते श्रमाचा तिरस्कार म्हणून नाही. ते काळं माझ्या कपाळावरचं नाव होऊ नये म्हणून. आपल्या सभांमधून कुणी ‘घाम गाळण्यातला आनंद’ सांगू लागलं की मला अवघडल्यासारखं होतं ते याचमुळे. ज्याला घाम गाळायचा की नाही हे ठरवता येतं त्यालाच तो आनंद सुचतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. आपण इथे आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलेल्या दारातून. त्या दारावर एक चाळणी होती आणि अजून आहे: पदव्यांची. चाळणीतून आपण वर आलो आणि आपली समजूत झाली की आपण म्हणजेच महाराष्ट्र. आपल्यात गवंडी नाही, सुतार नाही, मेकॅनिक नाही. घरी प्लंबर येतो तेव्हा आपण त्याला ‘सर’ म्हणतो, कारण तो गोरा आहे आणि तासाला शंभर डॉलर घेतो. तेच काम करणाऱ्याला कराडात आपण ‘अरे’ म्हणतो. जात आपण विमानतळावर टाकून आलो असं म्हणतो खरं. माझ्या सामानात ती आतल्या कप्प्यात होती, आणि त्या फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा बाहेर पडली. गंमत अशी की ती माझ्यावरच उलटलेली होती. मला भीती कसली वाटली? की चार पिढ्यांनंतर लोहाराचा मुलगा परत लोहार झाला.

पण हे तसं नाही. माझ्या मुलाने हे काम निवडलं आहे. उद्या त्याला कंटाळा आला तर त्याला ते सोडता येईल आणि कॉलेजात जाता येईल. त्याच्या लग्नाच्या वेळी कुणी तो काय काम करतो यावरून त्याची जात ओळखणार नाही, निदान आपल्या मंडळाबाहेर तरी. माझ्या आजोबांकडे यातलं काहीच नव्हतं. पाना तोच. तो उचलायचा किंवा ठेवून द्यायचा अधिकार नवा आहे. आप्पांनी माझे हात धुतले म्हणून तो अधिकार या मुलापर्यंत पोचला.

सही

मी फॉर्मवर सही केली. आनंदाने केली असं खोटं सांगणार नाही. डिझेल इंजिनांचं भविष्य काय, पाठीचं काय, पन्नाशीत गुडघ्यांचं काय, हे प्रश्न मला पडतात. त्याने मला उत्तर दिलं की बॅटरीच्या ट्रकलाही कूलंट लागतं. ते खरं आहे.

आप्पांना कसं सांगायचं हे मात्र कळेना. शेवटी मुलानेच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, त्याच्या मोडक्या मराठीत. आप्पा गप्प झाले. मग मला म्हणाले, “चाळीस वर्षं मी गाडीखाली झोपलो ते ह्याच्यासाठी व्हय?” मी वर सांगितलेलं सगळं, निवड, अधिकार, १९३६, त्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, “ते तुमचं भाषण ऱ्हाऊ दे.” आणि फोन त्यांनी आईकडे दिला.

त्यांची समजूत पटली आहे असं नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः फोन केला आणि नातवाला बोलवायला सांगितलं. जुना थर्मोस्टॅट कॅमेऱ्यासमोर धर म्हणाले. बराच वेळ बघितला. मग विचारलं, “बोल्ट तुटला न्हाई न्हवं?” मुलगा म्हणाला, “नाही आजोबा.” “मग ठीक हाय,” एवढंच म्हणाले.

माझी आपणा सर्वांना एकच विनंती आहे. श्रमप्रतिष्ठेवरचे ठराव आपण बरेच केले. आज घरी जाऊन दोन साधे प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा खरा व्यवसाय आपण आपल्या मुलांना सांगितला आहे का? आणि आपल्या मुलाने असा फॉर्म पुढे ठेवला तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? माझं कोणतं निघालं ते मी सांगितलं. तुमचं काय असेल ते चर्चेत ऐकायला मला आवडेल.

माझे वडील एसटीच्या कराड आगारात मेकॅनिक होते.